रहस्यकथा घ्या, ती शिक्क्यांसकट

इंदूरच्या खजुरी बाजारात जुनी पुस्तकं उपसताना मराठी रहस्यकथा हाती लागली, की बहुतेक जण प्रत कोरी आहे का तेवढंच बघतात. वाचनालयाचे शिक्के मारलेली, कोपरे दुमडलेली प्रत बाजूला पडते. घ्यायची ती खरं तर हीच. रहस्यकथा कपाटात मिरवायला छापलीच नव्हती. वर्गणी भरून न्यायची, रात्रीत संपवायची, दुसऱ्या दिवशी बदलून आणायची. हात न लागलेली प्रत बहुधा गठ्ठ्यातच पडून राहिलेली असते.

बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा हजाराच्या वर जातात. धनंजय, काळापहाड, झुंजार हे नायक त्यांचेच. गुरुनाथ नाईकांचा आकडाही हजारापलीकडचा. या वेगात दुवे निसटतात, पण लेखकाला नटायलाही सवड मिळत नाही. फोन खणाणतो, प्रेत सापडतं, निसर्गवर्णनाच्या वाटेला कोणी जात नाही. शेवट उरकलेला वाटला तर दरवेळी लेखकाला बोल लावू नका. पुस्तक फर्म्यांच्या हिशेबाने छापतात. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून दुमडलेली पानं, साधारण सोळा. गोष्ट दोन पानांनी वाढली तर नवा फर्मा चढवण्यापेक्षा टाइप बारीक करणं किंवा मजकूर छाटणं स्वस्त. पानं उरली तर आगामी पुस्तकांच्या जाहिराती. शेवटच्या पानांवर ओळी एकाएकी दाटीवाटीने बसलेल्या दिसल्या, की छापखान्यात काय घडलं असेल ते समजावं.

साल छापलेलं पान फाटलेलं असलं तरी काळ काढता येतो. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक साधारण १९५७ पूर्वीचं, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. ‘नवे पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४. प्रकाशकाचा पत्ता नुसता ‘मुंबई ४’ असेल तर बहुधा १९७२ च्या आधीचं. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा. इंदूरच्या प्रतींना आणखी एक फायदा असतो. शिक्क्यात होळकर राज्याचा उल्लेख, ‘मध्यभारत’ की ‘मध्यप्रदेश’, यावरून १९४८ आणि १९५६ च्या अलीकडचं-पलीकडचं कळतं, कारण इंदूर १९४८ ला मध्यभारतात आणि १९५६ ला मध्यप्रदेशात गेलं. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. रबरी शिक्का झिजेपर्यंत वापरतात, त्यामुळे राज्य बदललं तरी जुनाच शिक्का उमटत राहतो. आणि शिक्का सांगतो तो पुस्तक दाखल झाल्याचा काळ, छापल्याचा नव्हे.

वाचनालयांनी मजबुतीसाठी एक घात केला. मुखपृष्ठ काढून टाकलं, कडा कापल्या आणि जाड पुठ्ठा चढवला. रंगीत मुखपृष्ठ गेलं म्हणजे अर्धं पुस्तक गेलं. फाटकं का होईना, मूळ मुखपृष्ठ असलेली प्रत पुठ्ठ्याच्या धडधाकट प्रतीपेक्षा केव्हाही बरी. तेव्हा घरी आणल्यावर बायंडरकडे धावू नका.

दुरुस्ती घरी होते. बाजूने मारलेल्या पिना गंजल्या असतील तर ओढू नका, कागद सोबत येतो. खाली पातळ कार्ड सरकवून मागचे पाय बोथट सुरीने सरळ करा, मग पुढून पिन उचला. त्याच भोकांतून सुती दोरा ओवून आत गाठ मारा. सुट्या पानासाठी एक चमचा मैदा, पाच चमचे पाणी, मंद आचेवर काचेसारखी होईपर्यंत शिजवलेली खळ. थंड झाल्यावर पानाच्या आतल्या कडेला दोन-तीन मिलिमीटर एवढीच लावा. दोन्ही बाजूंना मेणकागद घालून रात्रभर वजनाखाली ठेवा. जास्त लावली तर न्यूजप्रिंट ओलं होऊन कायमचं सुरकुततं. जुने बायंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. तुम्ही घालू नका, त्यातल्या तांब्याने कागद लवकर कुजतो. लागेल तेवढीच खळ करा, उरलेली टाकून द्या. सेलोटेप तर नकोच. त्याचा चिकट थर कागदात उतरून पिवळा पट्टा पडतो आणि वरची पट्टी नंतर गळून जाते.

आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की डिंकाच्या पाठी तडकतात. त्या दिवसांत पुस्तक टेबलावर सपाट उघडलं तर मधोमध दोन तुकडे होतील. हातात धरून अर्धंच उघडा. पावसाळ्यात उलटं, कसर आणि बुरशी. कसरीला खळ फार आवडते, म्हणून दुरुस्त केलेली पुस्तकं आधी तपासा. कीड दिसली तर पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे अठरा अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर बाष्प धरतं. फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात एवढी थंडी टिकेलच असं नाही. उन्हात वाळवायचा मोह तर अजिबात नको, उन्हाने लुगदीचा कागद आणखी तपकिरी आणि ठिसूळ होतो.

पुस्तकं उभी ठेवायची तर दाटून नको, तिरकीही नको. पाठ गेलेली आडवी, एकावर एक, फार तर आठ-दहा. रोज वाचायची प्रत आणि जपायची प्रत वेगळी ठेवता आली तर उत्तम. नाहीच जमलं तर आहे ती एकच प्रत वाचा.