तुम्ही विचारलंत म्हणून: रात्री त्या मोठ्या जहाजांना तुम्ही दिसता तरी का?

शिडाच्या बोटीतून रात्रीचा प्रवास करते म्हटलं की मला वाटायचं लोक वादळाचं विचारतील, बोट लागते का विचारतील, पण नाही, फिरून फिरून प्रश्न तोच. "ती एवढाली कंटेनरची जहाजं अंधारात शेजारून जातात, भीती नाही वाटत? आणि त्यांना तुम्ही दिसता तरी का?" परवा पुन्हा कोणीतरी विचारलं, मी नेहमीसारखं "असतात ना दिवे" म्हणून वेळ मारून नेली आणि मग दिवसभर ते डोक्यात राहिलं, म्हणून आता नीट लिहिते.

भीती वाटते. आणि दिसतो की नाही ते मला माहीत नसतं, खरंच नसतं. दिसत नाही असंच धरून चालते, आणि जे काही करायचं ते ते जहाज अजून लांबचा ठिपका असतं तेव्हाच करून मोकळी होते. सगळं उत्तर एवढंच आहे खरं तर, पण त्यामागचं गणित सांगितल्याशिवाय ते पटत नाही.

आधी त्यांच्या बाजूने बघा. ४०० मीटर लांबीचं जहाज, पुढे डेकवर कंटेनरची चळत, आणि ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीत, रात्रीच्या वेळी एक ऑफिसर आणि फार तर जोडीला एक पहारेकरी. सोलास नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात ब्रिजवरून समोरचं पाणी किती झाकलं गेलं तर चालेल याची मर्यादा दिलेली आहे: जहाजाच्या दोन लांब्या किंवा ५०० मीटर, जे कमी असेल ते. म्हणजे सगळं नियमात बसूनही नाकासमोर अर्धा किलोमीटर पाणी न दिसणारं असू शकतं. माझी बोट दहा मीटरची. त्या अर्ध्या किलोमीटरमध्ये असल्या पन्नास बोटी एकामागे एक लावता येतील आणि वरून एकही दिसणार नाही.

आता आमचा दिवा. समुद्रात टक्कर होऊ नये म्हणून १९७२ चे नियम आहेत, सगळे त्याला कोलरेग म्हणतात, त्याप्रमाणे १२ मीटरपेक्षा लहान बोटीचे बाजूचे दिवे, डावीकडचा लाल आणि उजवीकडचा हिरवा, किमान एक समुद्री मैल दिसले पाहिजेत. एक. समुद्री मैल म्हणजे १८५२ मीटर, आणि २० नॉटने, म्हणजे तासाला २० समुद्री मैल वेगाने, येणारं जहाज ते अंतर तीन मिनिटांत कापतं. बरं, दिसल्यावर त्याने ब्रेक मारावा म्हणाल तर ब्रेक नसतो. पूर्ण वेगात असताना इंजिन उलटं फिरवून जहाज साधारण पंधरा लांब्यांच्या आत थांबलं पाहिजे अशी अपेक्षा आहे, फार अवजड जहाजांना त्याहून जास्तीची सवलत, म्हणजे ३०० मीटरच्या जहाजाला साडेचार किलोमीटर. अडीच मैलांच्या आसपास! मैलभरावरून दिवा दिसून तो माणूस कितीही भला असला तरी थांबू शकत नाही, वळू शकतो, तेही लगेच कळलं तर.

उलट आम्हाला तो किती लवकर दिसतो बघा. पन्नास मीटरच्या वरच्या जहाजाला दोन पांढरे मास्टहेड, म्हणजे डोलकाठीवरचे, दिवे लागतात, पुढचा खाली आणि मागचा वर, आणि ते किमान सहा मैल दिसायला हवेत, स्वच्छ रात्री त्याहून बरेच लांबून दिसतात. बाजूचे लाल-हिरवे मात्र किमान तीनच मैल. म्हणजे मधला बराच वेळ तुमच्या हातात फक्त दोन पांढरे ठिपके असतात आणि त्यावरून ओळखायचं की स्वारी कुठे निघाली. खालचा ठिपका वरच्याच्या डावीकडे असेल तर जहाज तुमच्या डावीकडे चाललंय, उजवीकडे असेल तर उजवीकडे. दोघांतलं अंतर कमी व्हायला लागलं तर ते तुमच्याकडे वळतंय. आणि एकावर एक आले तर, तर मग झोपलेल्यांना उठवायचं.

हे एवढं पाठ झालं की माणसाला वाटतं आपल्याला सगळं कळलं. इथेच गंमत आहे. भाच्याला पहिल्यांदा रात्रीच्या प्रवासाला नेलं होतं, पोरगा हुशार, दिव्यांचा तक्ता घडाघडा म्हणणारा. पहाटे अडीचला आमचा पहारा. आम्ही कंपासच्या ०१० वर, म्हणजे जवळपास उत्तरेला, चाललेलो, वारा डावीकडून, पाच नॉट, मस्त. उजवीकडे पुढे दोन पांढरे, खालचा वरच्याच्या जरासा डावीकडे, अगदी जरासा. थोड्या वेळाने दुर्बिणीतून लालही दिसायला लागला.

"मावशी, लाल दिसतोय, डावीकडे चाललाय, आपल्या पुढून निघून जाईल."

म्हटलं, बेअरिंग घे, म्हणजे ते जहाज कंपासच्या कितव्या डिग्रीवर दिसतंय ते वाच. हातातला कंपास डोळ्यासमोर धरून त्याने वाचलं, ०६२. दोन मिनिटांनी परत घे म्हटलं, ०६२. आणखी दोन मिनिटांनी ०६१ म्हणाला आणि लगेच "नाही, ०६२च" म्हणाला, कारण बोट हलते तेव्हा एखाद्या डिग्रीचा काही भरवसा नसतो.

तर हे असं होतं. जहाज आपल्यापेक्षा चौपट वेगात असलं की धडकायच्या मार्गावर असतानाही ते जवळजवळ नाक आपल्याकडे करूनच येतं, पण अगदी सरळ नाही, जरासं तिरकं, त्या रात्रीच्या हिशेबात अकरा डिग्री. म्हणून दिव्यांवरून वाटतं की पुढून जातोय. जातोच आहे तो, फक्त आपणही त्याच जागी त्याच वेळी पोचतोय. बेअरिंग बदलत नाही आणि दिवे मोठे होतायत म्हणजे टक्कर, दुसरा अर्थ नाही. आणि अगदी मोठं जहाज किंवा टो, म्हणजे ओढून नेलं जाणारं काही, जवळ असेल तर बेअरिंग थोडं बदलत असलं तरी निश्चिंत व्हायचं नाही असं नियमातच लिहिलंय, कारण जहाजाच्या टोकाचं बेअरिंग आणि शेपटीचं बेअरिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुम्ही टोकाला चुकवून पोटावर आदळू शकता.

एआयएसवर, म्हणजे जहाजं आपलं नाव, जागा, दिशा आणि वेग रेडिओवरून सांगत राहतात त्या यंत्राच्या स्क्रीनवर, तेच. कोर्स २५३, वेग २० नॉट, सीपीए म्हणजे सगळ्यात जवळ येण्याचं अंतर ०.१ मैल, वेळ तेरा मिनिटं. अंतर पाच मैल.

आता भाचा म्हणाला ते मला प्रत्येक जण म्हणतो, "पण आपण शिडावर आहोत, वाट आपली ना?" हो. मोकळ्या समुद्रात इंजिनवाल्याने शिडवाल्याला वाट द्यायची असा नियम आहे, आणि ज्याला वाट मिळायची त्याने आपला कोर्स आणि वेग तसाच ठेवायचा असाही आहे. पण ते लागू होतं टक्करीचा धोका तयार झाल्यावर. त्याच्या आधी, लांब असताना, दोघंही मोकळे असतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मधेच घाबरून वळणं, तो बिचारा आपल्यासाठी वळायला सुरुवात करतो आणि त्याच क्षणी आपण त्याच बाजूला. म्हणून जे करायचं ते आधी, आणि एवढं मोठं की त्याला स्पष्ट कळेल. पाच डिग्री इकडे, मग पाच डिग्री तिकडे, हे समोरून बघणाऱ्याला काहीच सांगत नाही. (अरुंद चॅनेलमध्ये आणि जहाजांच्या ठरलेल्या लेनमध्ये तर वीस मीटरखालच्यांनी आणि शिडवाल्यांनी त्यांना अडवायचंच नाही, तिथे "वाट आमची" हा विषयच बंद. लेन ओलांडायची तर नाक काटकोनात ठेवून, प्रवाह कुठेही नेवो.)

पाच मैल म्हणजे काठावर होतं माझ्या मते, मी आणखी आधी केलं असतं, पण पोराला बेअरिंग समजू द्यायचं होतं. शिडाची दोरी सोडत सोडत बोट उजवीकडे घेतली, थेट ०९० वर, ऐंशी डिग्री. आता ते जहाज आमच्या डाव्या बाजूला आलं, म्हणजे त्यांना आतापर्यंत आमचा हिरवा दिसत असला तर आता लाल दिसणार. हाच मोठ्या वळणाचा फायदा, वरून बघणाऱ्याला रंगच बदललेला दिसतो. सीपीए चढत चढत १.२ मैलांवर गेलं. तेच वळण एक मैलावर केलं असतं तर पाव मैल मिळालं असतं, आणि हातात अडीच मिनिटं. वळण तेच, बोट तीच. पाव मैलावरून ४०० मीटरची भिंत जाताना वारा कापला जातो, शिडं लुळी पडतात, आणि बोट हलवायला काही उरत नाही नेमकं तेव्हाच. इंजिन हाताशी तयार ठेवा ते त्यासाठी.

एआयएस असताना कंपास कशाला, हेही विचारतात. एआयएस घ्याच, मी त्याच्या आधीचे दिवस पाहिलेत, मला परत नकोत. पण मोठ्या जहाजांचं क्लास ए यंत्र साडेबारा वॅटचं, चालू असताना दर दोन ते दहा सेकंदांनी बोलतं, आमच्यातलं साधं क्लास बी दोन वॅटचं आणि अर्ध्या मिनिटातून एकदा. गर्दीच्या पाण्यात त्यांच्या स्क्रीनवर आम्ही शंभर त्रिकोणांतला एक. आणि मासेमारीच्या कितीतरी बोटींवर एआयएस नसतंच, स्क्रीन रिकामी दिसली म्हणून समुद्र रिकामा नसतो. एआयएसचा खरा फायदा मला विचाराल तर नाव. बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या चॅनेल १६ वर "माझ्या उजवीकडचं मोठं जहाज" असं ओरडलं तर चारजण आपण आहोत समजतात. नाव घेऊन बोलावलं तर उत्तर येतं. मात्र रेडिओवर घासाघीस करत बसू नका, मी शिडावर आहे, अमुक ठिकाणी आहे, दिसतेय का, एवढं विचारायचं आणि नियमाप्रमाणेच वागायचं. उत्तर आलं नाही आणि जवळच आलाय तर शिडावर टॉर्च मारायचा, पांढऱ्या शिडाचा केवढा मोठा दिवा होतो बघा, पण त्यानंतर तुम्ही स्वतः दहा मिनिटं आंधळे.

डोळ्यांचं तर लोक हसण्यावारी नेतात. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एक फोन बघितला की सगळं पाण्यात. २००६ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या दक्षिणेला ऊझो नावाची छोटी शिडाची बोट रात्री एका मोठ्या फेरीबोटीच्या वाटेत आली, तिघंही गेले. तपासात जे पुढे आलं त्यात फेरीबोटीवरच्या पहारेकऱ्याचा उन्हात काळा होणारा चष्मा होता, असल्या काचा अंधारातही थोडा उजेड खातात, आणि शिडाच्या बोटीवरचा रडार रिफ्लेक्टर, म्हणजे रडारच्या लहरी परतवणारा पत्रा, फारसा कामाचा नव्हता हेही होतं. ते वाचल्यापासून डोलकाठीला बांधलेल्या त्या पत्र्याच्या खेळण्यावर माझा विश्वास नाही. फायबरची बोट रडारला फार थोडी दिसते, तिरकी झाली की त्याहून कमी, शक्य असेल तर रडारच्या लहरीला उलट उत्तर देणारं विजेवरचं यंत्र बसवा.

आणि स्वतःचे दिवे तपासा बाई. माझीच फजिती सांगते. वारा पडला म्हणून इंजिन लावलं, खालचे दिवे लावले, आणि डोलकाठीच्या टोकावरचा तिरंगी, म्हणजे लाल-हिरवा-पांढरा एकत्र असलेला दिवा, बंद करायला विसरले. मागून येणारा ओळखीचा बोटवाला दुसऱ्या दिवशी म्हणाला, मला कळेचना एक बोट आहे का दोन. तिरंगी फक्त शिडावर असताना, इंजिनवर असलं की तो बंद आणि खालचे सुरू.

एक गोष्ट राहिली, आणि जहाजांपेक्षा मला तीच जास्त घाबरवते. उभ्या ओळीत एकावर एक तीन पांढरे दिवे दिसले तर तो टग, म्हणजे ओढणारी बोट, आहे आणि त्याच्या मागे मंद दिव्यांचं काहीतरी ओढलं जातंय, त्याचं शेवटचं टोक २०० मीटरपेक्षा लांब. मधला काळोख मोकळा वाटतो. तिथे पाण्याखाली-वर होणारी तार असते. मधून कधीही जायचं नाही.

तर त्या रात्री. ते जहाज डाव्या हाताला सव्वा मैलावरून गेलं, आधी दिव्यांची माळ, मग इंजिनची धडधड कानापेक्षा छातीत जास्त, मग त्याचा मागचा पांढरा दिवा. आम्ही परत ०१० वर आलो. बऱ्याच वेळाने, विसरल्यावर, त्याच्या लाटा आल्या आणि खाली केबिनमध्ये भांडं पडलं.

भाचा स्क्रीन बघत होता. जहाजाचा कोर्स सुरुवातीला २५३ होता आणि जाईपर्यंत २५३च राहिला.

"मावशी, त्यांनी आपल्याला बघितलं असेल का गं?"

म्हटलं, ते सोड, डावीकडे बघ, आणखी एक पांढरा आलाय, बेअरिंग घे.