नॅसचा आयपी पत्ता नॅसवर ठरवावा की राउटरमध्ये?

अमळनेरच्या आमच्या घरी माडीवर दोन हार्ड डिस्कची एक नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली फाइली साठवायची पेटी, आहे. तिच्यात घरच्या कागदपत्रांबरोबर कानबाईच्या उत्सवात आईने आणि गल्लीतल्या बायकांनी म्हटलेल्या अहिराणी गाण्यांचे रेकॉर्डिंग साठवलेले आहे. त्यांतल्या एक आजी आता हयात नाहीत, त्यामुळे ही नॅस माझ्यासाठी जपण्याची वस्तू झाली आहे.

गेल्या श्रावणात रोटांच्या दिवशी आई टीव्हीवर गाणी लावायला गेली, तर फोल्डरच दिसेना. "भाऊ, गाना कथा गयात?" (गाणी कुठे गेली?) असे तिने जिन्यातून विचारले, तेव्हा मला पहिली भीती डिस्कचीच वाटली, पण वर जाऊन पाहिले तर नॅसचे दोन्ही दिवे हिरवे होते आणि केबलही घट्ट बसलेली होती.

कारण वेगळे निघाले. त्याच आठवड्यात इंटरनेटवाल्याने राउटर बदलला होता. जुना राउटर घरातल्या उपकरणांना १९२.१६८.१ ने सुरू होणारे आयपी पत्ते (नेटवर्कवर उपकरण ओळखण्याचे क्रमांक) देत असे, नवा १९२.१६८.० ने सुरू होणारे देऊ लागला. नॅसवर मात्र मीच पूर्वी १९२.१६८.१.५० हा पत्ता हाताने कायम केला होता. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असला की पहिले तीन आकडे म्हणजे गल्ली आणि चौथा म्हणजे घर क्रमांक, असे समजावे. घरातली बाकीची सगळी उपकरणे दुसऱ्या गल्लीत राहायला गेली होती आणि नॅस जुन्याच गल्लीत एकटी उरली होती.

लॅपटॉपचे वायफाय बंद करून मी केबल थेट नॅसला जोडली, लॅपटॉपला तात्पुरता १९२.१६८.१.६० हा पत्ता आणि तोच मास्क दिला, गेटवेची (बाहेर इंटरनेटकडे नेणाऱ्या राउटरच्या पत्त्याची) जागा रिकामी ठेवली आणि ब्राउझरमध्ये नॅसचा जुना पत्ता टाकला. लॉगिनचे पान उघडले तेव्हा खरोखर जीव भांड्यात पडला. नेटवर्क सेटिंगमध्ये 'मॅन्युअल' काढून 'डीएचसीपी' (राउटरकडून आपोआप पत्ता घेणे) निवडले. सेव्ह करताच पान अडकले, पण पत्ताच बदलत असल्यामुळे ते अपेक्षित होते. मग लॅपटॉपचे सेटिंग पूर्ववत केले, केबल राउटरला लावली, राउटरच्या यादीत नॅसचा बारा अक्षरी मॅक पत्ता (त्या उपकरणाची स्वतःची ओळख) शोधला आणि त्याच्यासाठी १९२.१६८.०.५० हा पत्ता राखून ठेवला.

तेव्हापासून माझे मत ठाम आहे: पत्ता राउटरमध्येच राखून ठेवावा. पुढे राउटर बदलला तर ती नोंद नव्याने करावी लागेल हे खरे, पण तोवर नॅसला कोणता ना कोणता योग्य पत्ता मिळेल आणि ती सापडेल. नॅसवरच पत्ता ठरवायचा असेल, तर तो राउटर आपोआप वाटत असलेल्या पत्त्यांच्या बाहेरचा घ्यावा. नाहीतर एखाद्या दिवशी तोच पत्ता पाहुण्यांच्या मोबाइलला मिळतो आणि दोघांची टक्कर होते.

हाताने सेटिंग करताना गेटवे आणि डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. ते चुकले तरी घरातल्या घरात फोल्डर उघडतात, म्हणून चूक लक्षात येत नाही. मात्र नॅसचे घड्याळ इंटरनेटवरून वेळ घेऊ शकत नाही आणि डिस्क तापल्याचा किंवा बिघडल्याचा इशारा मेलवर येत नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि माडीवरची खोली भट्टीसारखी होते, त्यामुळे तो मेल मला हवाच असतो. सेटिंगनंतर चाचणीचा मेल पाठवून पाहावा.

वेगाचे म्हणाल, तर गिगाबिट जोडणीवर सेकंदाला साधारण ११० मेगाबाइट मिळायला हवेत. ११ वरच अडकले तर केबलमधली एखादी तार तुटलेली असण्याची शक्यता मोठी. एमटीयू (एका खेपेत जाणाऱ्या डेटाचा कमाल आकार) १५०० वरच राहू द्यावे. आणि बाहेरगावाहून फाइली पाहता याव्यात म्हणून राउटरमध्ये ४४५ क्रमांकाचे पोर्ट (फाइल शेअरिंगचे दार) कधीही उघडू नये. २०१७ साली वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस याच वाटेने जगभरच्या संगणकांत शिरला होता. मी पुण्याहून घरच्या फाइली व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित खाजगी वाट) लावूनच उघडतो.