पायाखालची जमीन पळवणारा चेंडू

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. अमळनेरला घरीच, वरच्या खोलीत कूलर लावून मी एका रोल-प्लेइंग व्हिडिओ गेमचं (ज्यात आपण नायक होऊन खेळतो) मराठीकरण करत होतो. बाहेर ऊन मी म्हणत होतं. गावकऱ्यांचे संवाद, दुकानांच्या पाट्या भराभर झाल्या, आणि एका शत्रूपाशी गाडी अडली.

शत्रू म्हणजे बेसबॉलचा चालता-बोलता चेंडू. पांढरं गरगरीत अंग आणि लाल टाक्यांच्या दोन भुवया. खऱ्या चेंडूवर 108 दुहेरी टाके असतात. या पठ्ठ्याच्या भुवया रागावला की उसवतात. तो तुमच्यावर बॅट फिरवतो, पण तीनदा हुकला की, बेसबॉलच्या नियमाप्रमाणे बाद म्हणून, स्वतःच टोपी काढून, मान खाली घालून निघून जातो. आणि संधी साधून 'बेस' चोरतो. बेसबॉलमध्ये बेस चोरणं म्हणजे चेंडू फेकणाऱ्याची नजर चुकवून पुढचा टप्पा गाठणं. हा मात्र तुम्ही उभे असलेला बेसच, म्हणजे टप्प्याची गादीच, उपटतो आणि काखोटीला मारून पळतो.

मूळ गेम जपानी. तिकडे बेसबॉल होरेस विल्सन या अमेरिकी शिक्षकाने 1872 मध्ये नेला, आणि 1994 च्या 'मदर 2' या व्हिडिओ गेममध्ये तर नायकाच्या हातात तलवारीऐवजी बॅटच आहे. तिथल्या मुलांना हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे लागला असता, आणि समजावला की विनोद मेलाच.

आधी मी सगळं क्रिकेटमध्ये उतरवलं. वाचायला छान वाटलं, पण क्रिकेटमध्ये फलंदाज अख्खं षटक हुकला तरी तेवढ्यावरून बाद होत नाही. मग हा तिसऱ्या वेळी मैदान का सोडतो? सगळं पुसून टाकलं.

दुपारी धरणगावचा भाचा शेजारी येऊन बसला. सुट्टीत आलेला, वय नऊ. बेसबॉल त्याने जन्मात पाहिलेला नाही. चेंडूची तिसरी बॅट हवेत गेली आणि तो ओरडला, "मामा, हाऊ तीनदा हुकना, आउट व्हयना!" विटी-दांडूतला नियम त्याने सरळ लावला होता. तीनदा विटी हुकली की डाव गेला. मी तीच भाषा उचलली: 'एकदा हुकला', 'दोनदा हुकला', 'तिसऱ्यांदा हुकला, डाव गेला!'

बेसचं कोडं आईने सोडवलं. ताक द्यायला वर आली, पडद्यावर नायक धप्पकन बसलेला बघितला आणि म्हणाली, "पायखालनी जमीनच लई गया मुडदा!" चौकटीत 28 अक्षरं मावत होती. 'पायाखालची जमीन पळवली!' आरामात बसलं. पायाखालची जमीन सरकणं आपण रोज म्हणतो. इथे ती खरोखरच कोणीतरी घेऊन पळत होतं.

संध्याकाळी चाचणीची आवृत्ती आली. 'तिसऱ्यांदा'मधल्या ऱ च्या जागी रिकामी चौकट, आणि 'ति'ची वेलांटी त च्या उजवीकडे. 'तीनदा' लिहून सुटता आलं असतं. पण पुढे दऱ्या होत्या, 'वाऱ्यावर स्वार' नावाचं हत्यार होतं. प्रत्येक ठिकाणी मराठीनेच अंग चोरायचं का? मी पडद्याची चित्रं पाठवली आणि फोनवर प्रोग्रॅमरला समजावलं की देवनागरीत अक्षरं नुसती ओळीने मांडून भागत नाही, त्यांची जागा आणि जोडणी ठरवावी लागते. तासभर तो सगळं वहीत उतरवत होता. रात्री त्याने हार्फबझ हे अक्षरजुळणीचं साधन जोडलं, ऱ असलेला फाँट घातला.

साडेअकराला नवी आवृत्ती उघडली. आडवी रेघ झोकात घेऊन ऱ उभा होता, वेलांटी जागेवर. भाचा झोपला नव्हताच. नायक आदळला, ओळ उमटली आणि तो गादीवर लोळून हसला. मग उठून बसला.

"मामा, पण हाऊ ती जमीन कोठे लई जास?"