छतावरचा सूर्य

सोमवार

मुलांच्या कॅन्सर वॉर्डात खेळ दाखवायला न्यायची पिशवी भरताना पहिलं काम असतं त्यातून वस्तू काढण्याचं. मऊ टेडी बाहेर. तो स्पिरिटने पुसता येत नाही आणि धुतला तर आतून ओलाच राहतो. फुलं आणि मातीची कुंडीही बाहेर, कारण मातीत अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतात, फुलदाणीच्या पाण्यात जंतू वाढतात, आणि केमोनंतर काउंट (रक्तपेशींची संख्या) पडलेल्या मुलाकडे त्यांच्याशी लढायला पुरेशा पांढऱ्या पेशी नसतात. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली गेल्या की साधा तापसुद्धा तातडीने पाहावा लागतो. फुगे नकोत: रबराची अ‍ॅलर्जी असते, आणि फुटलेला तुकडा लहान मुलाच्या घशात अडकतो. चमकीही नको, ती चादरीत शिरते ती निघतच नाही.

मग उरतं ते दोनच प्रकारचं. जे पुसता येतं, आणि जे एकाच मुलाला देऊन टाकता येतं. कोऱ्या रिमातला कागद, भिंगरी, चिकट चिठ्ठ्यांचा गठ्ठा, छोटा आरसा. पिशवी हलकी झाली तरी वाईट वाटून घेऊ नये.

मंगळवार

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये १९४१ पासून देशभरातून रुग्ण येतात. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर रक्ताचा, आणि त्यातल्या नेहमीच्या प्रकाराचे उपचार दोन ते अडीच वर्षं चालतात. पहिला टप्पाच महिनाभराचा. एवढा काळ गावाकडचं घर, शाळा, दोस्त सगळं मागे राहतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतली एक खोली, नाहीतर अशीच कुठली तरी जागा, हेच घर होतं. शेजारच्या खाटेवर बांग्ला, पलीकडे भोजपुरी. म्हणून ज्या खेळाला समजावून सांगायला पाच वाक्यं लागतात तो इथे अर्ध्या खाटांवर पोचत नाही. हातातली वस्तू स्वतःच बोलली पाहिजे.

औषधांचे परिणाम पाठ हवेत. व्हिन्क्रिस्टीन या केमोच्या औषधाने बोटांतलं बळ जातं, मुंग्या येतात. तेव्हा बारीक मणी ओवायला देणं म्हणजे त्या मुलाला हरायला बसवणं. कागदाची घडी घालायची असेल तर चौरस निदान २० सेंटिमीटरचा घ्यावा आणि घड्या आधी एकदा घालून उलगडून ठेवाव्यात, म्हणजे कागद स्वतःच वळतो. प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, कमी असतील तर कात्री पिशवीतच राहू दे. मेथोट्रेक्सेट या दुसऱ्या औषधानंतर तोंड आलं असेल तर फुंकर मारायला लावू नये. भिंगरी पंख्याखाली धरली तरी फिरते. स्टेरॉइडच्या दिवसांत मूल चिडचिडं आणि सतत भुकेलं असतं. त्या दिवशी ते आपल्यावर खेकसलं तर ते औषध बोलतंय. हाताला सलाईन असेल तर आधी विचारायचं, तू लिहितोस कुठल्या हाताने? हे सगळं आत जाण्याआधी सिस्टरना दोन मिनिटांत विचारता येतं, आणि तरीही बहुतेक पाहुणे विचारत नाहीत याची खंत वाटते.

बुधवार

पाठीच्या मणक्यात इंजेक्शन दिल्यावर बहुतेकदा मुलाला काही वेळ उताणं झोपवून ठेवतात. त्या वेळी त्याच्या वाट्याला फक्त छत येतं. म्हणून कुठलाही नवलाचा खेळ आधी छतावर करून पाहावा.

त्यातला सगळ्यात सुंदर हा. साधारण ५ सेंटिमीटर चौरस आरसा घ्यावा, शक्यतो अ‍ॅक्रिलिकचा. काचेचा असेल तर मागे पूर्ण चिकटपट्टी लावावी, म्हणजे फुटला तरी तुकडे सांडत नाहीत. पुढच्या बाजूला काळा कागद चिकटवायचा, त्याला मधोमध ५ मिलिमीटरचं भोक. भोक मुद्दाम त्रिकोणी कापायचं. ही सगळी तयारी घरीच. मग ऊन येणाऱ्या खिडकीच्या कट्ट्यावर आरसा जवळजवळ आडवा ठेवायचा आणि एका कडेखाली खोडरबर सरकवून प्रकाश छतावर न्यायचा.

आरशाजवळ, वीतभर अंतरावर, पांढरा कागद आडवा धरला तर त्यावर त्रिकोण दिसतो. कागद दूर नेत जावं तसा त्रिकोण विरघळतो आणि ३ मीटरवर गोल होतो. तो भोकाचा आकार नाही, तो सूर्य आहे. अंतराला १०७ ने भागलं की त्याचा व्यास निघतो: ३ मीटरवर सुमारे २.८ सेंटिमीटर, ५ मीटरवर ४.७. छतावर तिरका पडल्यामुळे तो जरा लांबट दिसतो.

यासाठी वॉर्ड अंधारा करावा लागत नाही, हे फार महत्त्वाचं. खोली काळोखी करून भिंतीवर बाहेरच्या रस्त्याची उलटी प्रतिमा पाडण्याचा प्रयोग अप्रतिम आहे, पण सिस्टरना सलाईनचे थेंब दिसायला हवेत.

आता छतावरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची, नाहीतर भिंतीवर कागद लावून ठिपक्याच्या कडेला पेन्सिलची रेघ मारायची. सुमारे दोन मिनिटांत तो स्वतःच्या रुंदीइतका सरकलेला असतो. पृथ्वी फिरते हे पुस्तकात वाचलेलं असतं. इथे उशीवरून मान न हलवता ती फिरताना दिसते, आणि खाट, सलाईनचा स्टँड, सिस्टर, सगळ्यांसकट फिरते.

बिघडतं कुठे? आरसा एक अंश हलला की किरण दोन अंश वळतो, त्यामुळे पंख्याच्या थरथरीनेही सूर्य नाचतो. दुहेरी चिकटपट्टीने आरसा घट्ट बसवावा. खिडकीला पांढरी फिल्म असेल तर काहीच उमटत नाही, तावदान उघडावं लागतं. आणि एक नियम कधीही मोडायचा नाही: किरण कुणाच्याही डोळ्यांच्या उंचीवरून जाता कामा नये. ठिपका पडतो तिथून आरशाकडे पाहणं म्हणजे थेट सूर्याकडे पाहणं. आरसा मोठ्यांनीच हाताळायचा. कागद कुठे सरकवायचा, रेघ कधी मारायची, हे मात्र मुलाने ठरवायचं.

जून ते सप्टेंबर मुंबईत हा खेळ जवळपास बंद. तेव्हा मोबाइलचा टॉर्च. त्याचा दिवा ठिपक्याएवढा असल्यामुळे बोटांची सावली छतावर कोरल्यासारखी पडते.

गुरुवार

मुलाने मान फिरवली तर आपण पुढच्या खाटेकडे जायचं, रुसल्यासारखं न दिसता. सुई, गोळी, तपासणी, कशालाच त्याला नाही म्हणता येत नाही. आपल्याला मात्र तो नाही म्हणू शकतो. ती मोकळीक आपल्याकडची सगळ्यात मोलाची वस्तू आहे, आणि आईने 'दादा आलाय, बघ ना' म्हणून आग्रह केला तरी ती काढून घेऊ नये.

सुई टोचताना खेळात गुंतवायचं असेल तर दोन-तीन मिनिटं आधीपासून. रडू फुटल्यावर काढलेली भिंगरी मुलाला फसवणूक वाटते, आणि ती पुढच्या वेळी लक्षात राहते.

शुक्रवार

'लवकर बरा होशील' हे वाक्य आपल्या तोंडी नको. लवकर होत नाही हे मुलांना ठाऊक असतं. त्यापेक्षा उद्यासाठी काहीतरी अर्धं ठेवावं.

चिकट चिठ्ठ्यांचा ३ इंची गठ्ठा यासाठी उत्तम. चित्रं शेवटच्या पानापासून वर काढत यायची, कारण पातळ कागदातून खालचं चित्र दिसतं आणि पुढचं थोडं सरकवून गिरवता येतं. गोंद नसलेल्या कडेजवळ काढायचं, तिथेच पानं फडफडतात. रोज दोन चित्रं काढली तर २४ पानांची उडी मारणारी बेडकी बारा दिवसांनी पूर्ण होते. काउंट पडले, ताप आला, दोन दिवस राहून गेलं, तरी गठ्ठा उशाशी तसाच असतो. उरलेली पानं आपण भरून द्यायची नाहीत. नवव्या पानावर बेडकी हवेत लटकली असेल तर लटकू द्यावी. ती खाली कुठे उतरणार हे ज्याची ती आहे त्यालाच माहीत असतं.