आजीच्या चालीने मोले

डिसेंबरातला रविवार आणि गोव्यातलं कुळे गाव, हे समीकरण आम्हा गाइड मंडळींना पाठ आहे. सकाळी आठलाच जीपच्या तिकीट खिडकीसमोर रांग रस्त्यापर्यंत आलेली असते. एका जीपमध्ये सात जण, प्रत्येकाच्या गळ्यात लाइफ जॅकेट. नदीतून गचके खात तासभर जायचं, शेवटी दगडधोंड्यांतून चालायचं, मग दूधसागर. ३१० मीटर उंचीवरून चार टप्प्यांत उतरणारं ते पाणी बघण्यासारखंच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मोले राष्ट्रीय उद्यान १०७ चौरस किलोमीटरचं आहे. भोवतालचं भगवान महावीर अभयारण्य धरलं तर सगळं मिळून २४० होतं. एवढ्या रानात येणारे बहुतेक जण एकच धबधबा बघून परत जातात, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्या रविवारी आजऱ्याकडचं एक कुटुंब आलं होतं. मुलगा, सून, कॉलेजात शिकणारा नातू आणि सत्तरी ओलांडलेल्या आजी. जीपचा नंबर दुपारपर्यंत लागणार नव्हता. लागला असता तरी आजींचे गुडघे त्या दगडांवर चालले नसते. सूनबाई म्हणाल्या, "दादा, आई जीपपाशी बसतील, आम्ही जाऊन येतो." आजी काहीच बोलल्या नाहीत. मी म्हटलं, "दूधसागर राहू द्या आज. तांबडी सुर्ल्याला चला, आजींना घेऊन." नातवाचं तोंड उतरलं. तो मित्रांना धबधब्याचे फोटो पाठवायचं कबूल करून आला होता.

बोळकर्ण्यावरून आत वळलं की रस्ता एकदम शांत होतो. शेवटाला महादेवाचं देऊळ आहे, कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकाच्या सुमाराचं. सगळं बांधकाम काळ्या बेसॉल्टचं. गोव्यात आपल्या पायाखाली बहुतेक जांभा दगड असतो. त्यामुळे हा काळा दगड घाटावरून खाली आणला असावा, असं जाणकार मानतात. आजींनी खांबाच्या तळाशी कोरलेला घोड्याला तुडवणारा हत्ती हात लावून बघितला. नातू छताच्या कमळाखाली बराच वेळ मान वर करून उभा होता. देवळात अकरानंतर सहलीच्या बस येतात, म्हणून आम्ही आधीच बाहेर पडलो.

खरं काम पुढे होतं. रानाच्या कडेने जाणाऱ्या वाटेवर मी पाहुण्यांना साधारण तासभर फिरवून आणतो. आजींच्या चालीने ते अंतर अर्ध्या दिवसाचं होणार हे दिसत होतं. दहा-वीस पावलं टाकायची, दगड बघून टेकायचं, पुन्हा उठायचं. मुलगा सारखा म्हणायचा, "आई, तू इथंच थांब." मी त्यांना खुणेनेच गप्प केलं. माणूस थांबला की दहा मिनिटांत रान पुन्हा आपल्या कामाला लागतं. पहिल्याच बैठकीत शेकरू डोक्यावरच्या फांदीवर येऊन फळ सोलू लागलं. दुसऱ्या बैठकीत शीळकरी कस्तुराने ओढ्याकडून शीळ घातली. आजींनी एका खोडाच्या चिरा पडलेल्या, मगरीच्या पाठीसारख्या सालीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ऐन न्हवं का ह्यो? आम्ही ह्याच्या डहाळ्या तोडून भाताच्या तरव्याला राब जाळायचो." गोव्याचा राज्यवृक्ष त्यांनी असा ओळखला. मी झाडाच्या सालीत साठणाऱ्या पाण्याबद्दल सांगायला लागलो, तर ते त्यांना माझ्याआधीच माहीत होतं.

बांबूच्या बेटाजवळ आजी पुन्हा बसल्या. वारा सुटला होता, पाचोळा हलत होता. त्या वर बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "पोरा, ती दोन वाळकी पानं वाऱ्यानं हालत का न्हाईत?"

मी दुर्बीण लावली आणि अंगावर काटा आला. श्रीलंकन फ्रॉगमाऊथची जोडी. श्रीलंका आणि आपला पश्चिम घाट एवढ्याच प्रदेशात सापडणारा हा निशाचर पक्षी दिवसभर फांदीवर चिकटून निश्चल बसतो. एक तांबूस, ती मादी. शेजारी अंगाला अंग लावून करडा नर. चोच मिटलेली, भोवती मिशांसारखे राठ केस. वीतभर जीव. त्या वाटेने मी कितीदा तरी गेलो असेन, रात्री त्यांचा आवाजही ऐकला होता. पण दिवसाची बसायची जागा मला सापडलेली नव्हती. ती सापडायला गुडघेदुखी असलेल्या, रानाशेजारी आयुष्य काढलेल्या बाईची नजर लागली. चौघांनी आळीपाळीने दुर्बिणीतून बघितलं. कुणी मोठ्याने बोललं नाही.

नातवाने लांबूनच, फ्लॅश न वापरता फोटो काढला. मग फोनवर ठिकाणाची खूण टाकायला लागला. मी थांबवलं. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "पण दादा, लोकांना कळायला नको का? सगळे दूधसागरलाच मरतात." त्याचं चूक नव्हतं. गर्दी वाटली जायला हवी, हे मीच सकाळपासून बोलत होतो. मी त्याला सांगितलं, देऊळ सांग, ओढा सांग, हा रस्ता सांग, ऐन कसा ओळखायचा तेही सांग. ती ठिकाणं माणसं पेलू शकतात. पण पक्ष्याची बसायची फांदी पेलू शकत नाही. खूण पडली की आठवडाभरात कॅमेरे घेऊन माणसं येतात, आड येणारी काडी मोडतात, मोबाइलवर आवाज वाजवून त्याला भर दिवसा उठवतात. जानेवारीपासून ह्यांचे घरट्याचे दिवस. शेवाळाचं इवलंसं घरटं, त्यात एकच अंडं. ते गेलं की त्या जोडीचा तो प्रयत्न वाया. नातवाने खूण काढून टाकली. फोटोखाली त्याने काय लिहिलं ते मला दाखवलं: 'आजीने शोधला.'

त्या दिवसापासून बुकिंगचा फोन आला की मी आधी विचारतो, सोबत कोण आहे? वयस्कर कुणी असेल, लहान मूल असेल, तर त्यांना कुळ्याच्या रांगेत उभं करत नाही. शनिवार-रविवार सोडून या म्हणतो, साडेसहाला निघू, वनखात्याची परवानगी मी बघतो. आणि चालायचं त्यांच्याच गतीने, हे सोबतच्या तरुणांना आधीच सांगून ठेवतो. काही जण फोन ठेवून देतात. त्यांना कुळ्याच्या जीपवाल्यांचा नंबर देतो.