प्रोग्रामच्या दिवशीच पाळी आली तर? तुम्ही विचारलंत म्हणून

क्लासच्या मुली विचारतात, त्यांच्या आया तर दाराशी चपला घालता घालता हळूच विचारतात, आणि आता मेसेजवर पण तेच, की ताई नेमकी प्रोग्रामच्या दिवशी पाळी आली तर तुम्ही काय करता? नाचते की. भरतनाट्यम शिकवते मी इथंच सोलापुरात, आणि प्रोग्राम काय कुणाची पाळी बघून ठरत नाहीत, हॉल कधी मिळतो त्यावर ठरतात. नाचता येतं का ही अडचणच नाही ओ, अडचण ही की टॉयलेटला कधी जाता येणार.

ज्यांनी तो ड्रेस घातला नाही त्यांना सांगते. आत पायजमा, त्यावर समोरचा पंखा, मागचा पट्टा, सगळं हुक आणि नाड्यांनी आवळलेलं, वरून कमरपट्टा, आणि सुटू नये म्हणून कुणीतरी हौसेनं पिना पण मारून ठेवलेल्या. दुपारी मेकअपला बसलं की रात्री घरी येईपर्यंत सहा-सात तास सहज जातात. पॅड चार ते सहा तासांत बदलायचं असतं, जास्त जात असेल तर त्याच्याही आधी, म्हणजे हिशोब बसतच नाही. त्यात अरमंडी, म्हणजे अर्धं खाली बसून नाचायची ती पोझ, गुडघे बाहेर, मांड्या उघडलेल्या, पॅडच्या कडा जांघेत घासतात, पॅड सरकतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ ला असताना घामानं जे पुरळ उठतं ते पाळी गेली तरी जात नाही.

म्हणून मी मेन्स्ट्रुअल कप वापरते. सिलिकॉनचा, योनीत घालायचा, रक्त त्यात साठतं, बारा तासांपर्यंत ठेवता येतो, नीट बसला की उड्या मारा, पूर्ण खाली बसा, काही होत नाही. फक्त शोच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, आधी दोन-तीन पाळ्या घरी सवय करा आणि त्याच दिवसांत प्रॅक्टिस पण करून बघा. काढताना नुसता ओढायचा नाही, बुडाशी चिमटीत दाबून हवा सोडायची मग काढायचा. कॉपर-टी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कप ओढताना ती सरकू शकते. पाळी संपली की पाच-दहा मिनिटं उकळायचा, पातेलं वेगळंच ठेवा, घरात शांतता राहते. आणि स्टेजमागच्या नळाच्या भरवशावर तर कधीच राहू नका, घरच्याच नळाला चार-चार दिवस पाणी नसतं ते आपण जाणतोच, पर्समध्ये छोटी बाटली आणि टिश्यू पाहिजेच. टॅम्पॉन, म्हणजे आत घालायची कापसाची गुंडाळी, ती पण चालते पण आठ तासांच्या वर नाही, टॉक्सिक शॉक, म्हणजे जंतूंच्या विषानं होणारा आजार, क्वचित होतो पण झाला तर जिवावर बेततं.

लहान मुलींना मी कपचा आग्रह करत नाही. पॅड, त्यावर पीरियड पँटी, वरून काळी सायकलिंग शॉर्ट, आणि मला नुसतं कानात सांगायचं, मी त्यांचा आयटम आधी लावते म्हणजे लवकर सुटतात.

दुखण्याचं म्हणाल तर प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनानं गर्भाशय आवळतं म्हणून पोटात कळा येतात, मेफेनामिक अ‍ॅसिडची गोळी तेच कमी करते, त्यामुळे कळ वाढायची वाट न बघता सुरुवातीलाच घेतली तर बरी लागू पडते, अर्थात डॉक्टरांनी तुम्हाला चालते म्हटलं असेल तर आणि खाऊनच. पण मेडिकलवाला जी नेहमीची पाळीची गोळी देतो तिच्यात बऱ्याचदा डायसायक्लोमिन हे पेटके सैल करणारं औषध पण असतं, त्यानं तोंड कोरडं पडतं, काहींना गरगरतं, घाम पण कमी येतो. एवढ्या उन्हाळ्यात, लाइटखाली, रेशमी ड्रेसमध्ये घामच आला नाही तर अंग तापणार की. आणि आपण नाचणाऱ्या बायका लघवीला जावं लागू नये म्हणून दुपारपासून पाणी पीत नाही, त्यात ही गोळी म्हणजे किडनीला पण त्रास. पाणी प्या, ड्रेस चढवायच्या आधी एकदा जाऊन या.

पाळी पुढे ढकलायची गोळी? गौरी-गणपतीला आपल्याकडे घरोघरी घेतात ती, नॉरएथिस्टेरॉन. तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करतात, बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. अरंगेत्रमसारखा, म्हणजे शिकून झाल्यावरचा पहिला एकटीचा, आयुष्यातला एकच प्रोग्राम असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा लिव्हरचा त्रास असेल तर नकोच. दर शोला मात्र मला पटत नाही, पोट फुगलं की कमरपट्टाच लागत नाही.

घुंगरांना हात लावायचा का, नटराजाला नमस्कार करायचा का, हे पण विचारतात. माझ्या क्लासमध्ये लावायचा आणि करायचा. आमच्याकडे बऱ्याच मुली घरी तेलुगू बोलणाऱ्या, काही घरांत पहिल्या पाळीला साडी-बिडी नेसवून केवढा कार्यक्रम करतात, आणि पुढच्या महिन्यात तीच पोरगी घुंगरू न बांधता कोपऱ्यात बसते, हे मला झेपत नाही. घरी तुम्ही तुमचं काय ते पाळा.

आणि एक गोष्ट जी कुणीच विचारत नाही. पाळी येतच नाही म्हणून खूश होणाऱ्या मुली. भरपूर प्रॅक्टिस आणि खाणं कमी असं झालं की पाळी थांबू शकते, हाडं पण कमजोर होतात. तीन महिने आली नाही तर प्रोग्राम राहू दे, आधी डॉक्टर. ड्रेस टाइट होतो म्हणून जेवण सोडलेलं मला कळतं बरं का, टेलरनं शिलाईत दोन इंच कापड आत ठेवलंय ते कशाला?