आडनाव-वही, नोंद सहावी: लफेव्र आणि मधला मुका 'बी'

मागच्या नोंदीत 'मार्तँ' संपवलं. फ्रान्समधलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव, पण मुळात ते पाळण्यातलं नाव. त्यामुळे दोन आठवड्यांत कागद भरला आणि खरं सांगायचं तर कंटाळाही आला. म्हणून यावेळी धंद्यावरून पडलेलं आडनाव घेतलं, लफेव्र. अर्थ लोहार. म्हटलं, आपल्याकडे लोहार तो लोहार, तिथेही तसंच असेल, महिन्याभरात उरकू. आज साडेचार महिने झाले आणि आडनावाचं कुठलं रूप कुठे आढळतं ते दाखवणारा भिंतीवरचा नकाशा अजून अर्धाच आहे.

आधी शब्दाचं मूळ. लॅटिनमध्ये 'फाबेर' म्हणजे कारागीर, त्यातही कठीण मालावर काम करणारा, आणि हळूहळू लोखंडवाला. उत्तर फ्रान्सच्या तोंडी फाबेरमधला 'बी' झिजून 'व्ही' झाला आणि शब्द उरला फेव्र. पुढे 'ल' हे उपपद चिकटलं. आज फ्रेंच माणूस लोहाराला फोर्जरों म्हणतो, नुसता फेव्र कुणी म्हणत नाही. पोतनीस आडनावाच्या माणसाला पोत म्हणजे काय हे विचारून बघा, तसंच. बोलण्यातून शब्द गेला, आडनावात राहिला. एक जागा मात्र त्याने सोडली नाही: ऑर्फेव्र म्हणजे सोनार. पॅरिसमध्ये सीन नदीकाठी पोलिसांच्या गुन्हे शाखेचं जुनं मुख्यालय होतं, ३६ नंबरला. त्या रस्त्याचं नाव के दे झॉर्फेव्र, सोनारांचा धक्का. रहस्यकथा वाचणाऱ्यांना तो पत्ता पाठ असतो, पण त्यात आपला लोहार बसलाय हे माझ्याही आत्ताच लक्षात आलं.

आता घोळ. या आडनावाचं सर्वात प्रचलित स्पेलिंग आहे एल-ई-एफ-ई-बी-व्ही-आर-ई. उच्चार लफेव्र. मधला 'बी' कोणीही म्हणत नाही. मग तो आला कुठून? मध्ययुगाच्या अखेरीस लॅटिन शिकलेल्या कारकुनांना प्रत्येक शब्दाचं खानदान दाखवायची हौस होती. फेव्र हा फाबेरचा वंशज, म्हणून 'बी' परत आणून बसवला. वास्तविक 'व्ही' हाच त्या 'बी'चा नातू. म्हणजे आजोबा आणि नातू शेजारी शेजारी बसलेत आणि बोलतोय फक्त नातू.

दुसरं कारण जास्त कामाचं आहे. तेव्हा 'यू' आणि 'व्ही' ही दोन वेगळी अक्षरं मानत नसत, शब्दाच्या मध्ये दोन्हींसाठी 'यू'सारखंच चिन्ह काढत. त्यामुळे फेव्र लिहिलं की वाचणारा तिथे स्वर आहे की व्यंजन यात अडखळे. मध्ये 'बी' टाकला की पुढचं अक्षर व्यंजन समजायचं, अशी ती खूण. आणि झालं नेमकं उलटं! पुढच्या पिढ्यांनी 'बी' खरा मानला, 'यू'ला स्वर मानलं, आणि वाचलं लफेब्युर. फ्रेंच अकादमीच्या (भाषेचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) कोशाने १७६२च्या आवृत्तीत 'यू' आणि 'व्ही' वेगळे केले, तोवर लफेब्युर आडनाव म्हणून घरोघरी रुळलं होतं. पॅरिसच्या सँ-सुल्पीस चर्चचा एकोणिसाव्या शतकातला प्रसिद्ध ऑर्गनवादक लफेब्युर-वेली, तो याच चुकीच्या वाचनाचा वारस. शिंद्यांचं इंग्रजी कागदांत सिंदिया झालं आणि पुढे तेच आडनाव म्हणून चाललं, हे आठवलं की फ्रेंचांना हसायची सोय राहत नाही.

नकाशाबद्दल. जुन्या मखराचा थर्माकोल होता, त्यावर फ्रान्सचा ड्रॉइंग पेपर चिकटवला आणि प्रत्येक रूपाला एका रंगाची टाचणी. नियम एकच: ज्या जिल्ह्यात जे रूप जास्त, तिथे त्या रंगाची एक टाचणी. 'बी'वालं लफेव्र लाल. बेल्जियमच्या सीमेपासून नॉर्मंडीपर्यंत लालच लाल. 'बी' नसलेलं पिवळं, तेही उत्तरेतच पण जरा विखुरलेलं. पश्चिमेला नाँतच्या आसपास लफव्र, हिरवं. आणखी पुढे ब्रिटनीत भाषाच वेगळी, तिथे लोहार म्हणजे गॉफ, म्हणून ल गॉफ. मध्ययुगाचा इतिहासकार झाक ल गॉफ म्हणजे अर्थाने लोहारच.

दक्षिणेला उतरलं की 'ल' गळून पडतं आणि 'ए'च्या जागी 'आ' येतो: फाब्र. कीटकांवर आयुष्य घालवणारे झाँ-आंरी फाब्र (१८२३ ते १९१५) आव्हेरोंमधले, माझी पहिली निळी टाचणी त्यांच्याच जिल्ह्यात. थोडं पूर्वेला आर्देश-द्रोम भागात फोर. राष्ट्राध्यक्ष फेलिक्स फोर यांचं आडनाव तेच; द्रेफ्यूस नावाच्या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपात अडकवलं, त्या प्रकरणात कादंबरीकार एमिल झोलाने १८९८च्या जानेवारीत जे जळजळीत खुलं पत्र छापलं, ते त्यांनाच उद्देशून होतं. आल्प्सकडे, साव्हुआत आणि शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये, फाव्र.

या फाव्रवर थोडा थांबलो, कारण तिथून धागा थेट गोव्यात येतो. साव्हुआचा मेंढपाळाचा मुलगा पिएर फाव्र पॅरिसला सँत-बार्ब कॉलेजात शिकत होता आणि त्याच्या खोलीत राहत होता फ्रान्सिस झेवियर. पुढे जेझुइट पंथाचा संस्थापक झालेला इग्नेशियस लोयोलाही त्याच खोलीत आला. १५ ऑगस्ट १५३४ला माँमार्त्रच्या टेकडीवर या मंडळींनी धर्मकार्याला वाहून घ्यायची शपथ घेतली, तेव्हा त्यांच्यात पाद्री झालेला एकटा फाव्र होता, मिसा (चर्चमधली मुख्य प्रार्थना) त्यानेच म्हटली. झेवियर १५४२ला गोव्यात उतरला, फाव्र चार वर्षांनी रोममध्ये वारला. २०१३ साली त्याला संतपद मिळालं. इंग्रजी पुस्तकांत तो पीटर फेबर म्हणून भेटतो. आडनाव फिरून पुन्हा लॅटिनमध्ये! जुन्या गोव्यात झेवियरचं शव ठेवलेल्या बॉम जेझू चर्चला मी तीनदा गेलोय, पण झेवियरचा रूममेट लोहार होता (आडनावाने हो) हे तेव्हा माहीत असतं तर मजा आली असती.

आता माझी चूक. लफेब्युरला मी स्वतंत्र रंग दिला होता, जांभळा, सात टाचण्या. मग उत्तरेकडच्या एका जिल्ह्याच्या अभिलेखागाराने स्कॅन करून ठेवलेली नोंदवही उघडली. हे स्कॅन घरबसल्या फुकट बघता येतात, ज्यांनी अजून पाहिले नाहीत त्यांनी जरूर बघा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं पान, शाई पसरलेली, कडेला पाण्याचा डाग. मोठ्या भावाच्या लग्नाच्या नोंदीत कारकुनाने स्वच्छ टोकदार 'व्ही' काढलाय. चार पानांनंतर धाकट्या भावाच्या लग्नात गोल पोटाचा 'यू', आणि त्याच्या डोक्यावर आडवी रेघ, म्हणजे स्वरच समजा अशी ताकीद. आईबाप तेच, गाव तेच, हस्ताक्षर मात्र दुसऱ्याचं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९४च्या कायद्याने जन्मनोंदीतलं नाव सोडून दुसरं वापरायला बंदी आली, त्यामुळे पुढे जे कागदावर पडलं तेच चालू राहिलं. जांभळ्या सातही टाचण्या उपटल्या. भोकं दिसतात, दिसू देत.

त्याच वहीत आणखी एक गंमत. हे दोघे लफेव्र विणकर होते. त्या गावचा खरा लोहार होता, त्याच्या नावापुढे धंदा लिहिलाय 'मारेशाल', आणि आडनाव प्ती, म्हणजे धाकटा. मारेशाल हा शब्द मुळात जर्मानिक, घोड्यांची देखभाल करणारा नोकर. त्याला खाली ढकललं तर तो नाल ठोकणारा झाला आणि वर चढवलं तर सेनापती. नेपोलियनच्या मार्शलांमध्ये आल्सासचा फ्रांस्वा-जोसेफ लफेव्र होता, पुढे डँटझिगचा ड्यूक झाला, त्याची बायको एकेकाळी कपडे धुण्याचं काम करायची. त्याचं पद आणि आडनाव जोडून वाचा: मारेशाल लफेव्र. लोहार लोहार.

उरलेलं भरभर. नाँतमध्ये झाँ-रोमँ लफेव्र आणि त्याची बायको पोलिन-इझाबेल उतिल यांनी बिस्किटांचं दुकान थाटलं. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरं म्हणजे 'एलयू'. पती-बर हे त्यांच्या मुलाने काढलेलं चौकोनी बिस्किट १८८६चं, कडेला ५२ दात. उतिल म्हणजे उपयोगी, तेव्हा दुकानाच्या पाटीचा अर्थ लोहार-उपयोगी. अमेरिकेत गेलेल्या काही लफेव्रांचं आडनाव ऐकणाऱ्यांनी 'ला फेव्ह' समजून घेतलं, म्हणजे घेवड्यासारखी एक शेंग, आणि इंग्रजीत केलं बीन. अमेरिकन फुटबॉलवाला ब्रेट फाव्र तर स्वतःचं आडनाव 'फार्व' असंच म्हणतो, 'आर' आणि 'व्ही'ची अदलाबदल करून.

नकाशाचा नैर्ऋत्य कोपरा रिकामा आहे, तिथे गास्कोनीत 'फ'चा 'ह' होतो, त्याला पावसाळ्यात हात घालीन. तोवर नवा कागद काढलाय: लबोर्न्य, म्हणजे एका डोळ्याचा. शाँबेरीचा बनवा लबोर्न्य हिंदुस्थानात आला, आडनाव बदलून द ब्वान्य झाला आणि महादजी शिंद्यांची पलटणं त्याने उभी केली. पहिली टाचणी साव्हुआतच टोचायची आहे, फाव्रच्या शेजारी.